वाचनशिक्षणाचा वाद आणि देवनागरी अक्षर

१

प्राथमिक शाळेचे पहिले कार्य मुलास वाचावयास शिकविणे हे होय, याविषयी शिक्षणशास्त्रज्ञांत दुमत नाही. मतभेद आहेत ते रीतीविषयी. आणि ते इतके तीव्र आहेत की, इंग्रजी भाषेत त्यांना वाचनाची युद्धे असेच नाव पडले आहे. भारतात हा प्रश्न गेल्या काही वर्षांत धोरणाच्या अग्रभागी आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरतेस सर्वोच्च अग्रक्रम दिला. जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियानाचा आरंभ झाला आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट त्याने ठरविले. या उद्दिष्टामागील निकड आकड्यांवरून ध्यानात येते. ‘असर’ या ग्रामीण पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार, शासकीय शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ साली हेच प्रमाण १६.३ टक्के होते, म्हणजे सुधारणा झाली आहे. तथापि चार मुलांपैकी तीन मुले अद्याप मागेच आहेत, हेही तितकेच खरे.

या मुलांना कोणत्या रीतीने शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याकडील धोरणकर्ते व प्रशिक्षक पुष्कळदा इंग्रजीतील संशोधनाचा आधार घेतात. तो आधार मराठीच्या बाबतीत कितपत टिकतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी प्रथम मूळ वादाचे स्वरूप, नंतर देवनागरी लेखनाची प्रकृती आणि शेवटी वाचनाच्या मोजमापाचा प्रश्न, अशा क्रमाने विवेचन केले आहे.

२

इंग्रजीतील वादाचे दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाच्या मते लेखन हे ध्वनींचे चिन्हांकन आहे. म्हणून चिन्ह आणि ध्वनी यांचा संबंध मुलास क्रमवार व स्पष्टपणे शिकविला पाहिजे. या रीतीला ध्वनिपद्धती म्हणता येईल. दुसऱ्या पक्षाच्या मते वाचन हा अर्थग्रहणाचा व्यापार आहे. मूल जसे बोलणे ऐकून बोलावयास शिकते, तसेच अर्थपूर्ण पुस्तकांच्या सहवासात ते वाचावयास शिकते, आणि सुट्या अक्षरांची घोकंपट्टी त्यास वाचनापासून दूर नेते. ही समग्रभाषा पद्धती होय.

१९५५ साली रूडॉल्फ फ्लेश यांनी अमेरिकन शाळांतील शब्दचित्रपद्धतीवर एका लोकप्रिय पुस्तकातून कडाडून टीका केली आणि वाद चव्हाट्यावर आला. १९६७ हे वर्ष या इतिहासात विशेष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी जीन चॉल यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, आरंभीच्या काळात चिन्ह-ध्वनिसंबंधावर भर देणाऱ्या रीती अधिक फलदायी ठरतात, असा निष्कर्ष मांडला. आणि त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी वाचन म्हणजे संदर्भाच्या साह्याने केलेला तर्काचा खेळ होय, हा आपला प्रसिद्ध सिद्धांत पुढे आणला. पुढील वीस वर्षे गुडमन व फ्रँक स्मिथ यांच्या विचारांचा पगडा वाढत गेला. १९८७ साली कॅलिफोर्निया राज्याने आपल्या अभ्यासक्रमाची उभारणी त्यांच्या दिशेने केली. नव्वदीच्या दशकात तेथील मुलांच्या वाचनाचे निकाल निराशाजनक निघाले आणि लंबक उलट दिशेस वळला. २००० साली अमेरिकेतील राष्ट्रीय वाचनमंडळाने ध्वनिजाणीव, ध्वनिपद्धती, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन अशी वाचनशिक्षणाची पाच अंगे सांगितली. इंग्लंडमध्ये २००६ च्या रोझ अहवालाने ध्वनिपद्धतीचा पुरस्कार केला, आणि २०१२ पासून तेथील पहिल्या इयत्तेतील प्रत्येक मुलाची चाळीस शब्दांची चाचणी घेतली जाऊ लागली. त्यांतील निम्मे शब्द बुद्ध्याच निरर्थक ठेवलेले असतात. अर्थाचा आधार न घेता केवळ चिन्हांवरून उच्चार करता येतो की नाही, हे पाहणे हा त्यामागील हेतू.

एवढ्याने वाद मिटला असे मात्र नाही. २०२० साली जेफ्री बॉवर्स यांनी ध्वनिपद्धतीच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा समजला जातो तितका भक्कम नाही, असे प्रतिपादन केले. २०२२ साली डॉमिनिक वाइस व ॲलिस ब्रॅडबरी यांनी इंग्लंडच्या एकारलेल्या धोरणावर आक्षेप घेतले. त्यांवर प्रतिवादही झाले. या साऱ्या चर्चेशी निगडित असे एक सूत्र गफ आणि टनमर यांनी १९८६ सालीच मांडले होते: वाचनाकलन हा चिन्होकल आणि भाषेचे आकलन या दोन घटकांचा गुणाकार आहे. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे दोहोंपैकी एक घटक शून्य असेल तर फळही शून्यच.

३

आता प्रश्न असा की, हा वाद इतका चिघळला तो इंग्रजीतच का? याचे उत्तर इंग्रजीच्या लेखनात आहे. सीमोर, आरो आणि अर्स्किन यांनी २००३ साली युरोपातील अनेक भाषांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस फिनिश, ग्रीक किंवा जर्मन बोलणारी मुले परिचित शब्दांपैकी सुमारे ९८ टक्के शब्द बिनचूक वाचत होती. स्कॉटलंडमधील इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण अवघे ३४ टक्के होते.  मुख्य भेद होता तो लेखनपद्धतीचा. ज्या लेखनात एकच चिन्ह अनेक ध्वनी दाखविते आणि एकच ध्वनी अनेक चिन्हांनी दाखविला जातो, तेथे ध्वनिनियम शिकवावे की शब्दच ओळखावयास लावावे, हा प्रश्न स्वाभाविकपणेच निर्माण होतो. फिनिशमध्ये तो फारसा उद्भवत नाही. डेव्हिड शेअर यांनी २००८ साली याच मुद्द्यावर बोट ठेवले: वाचनविषयक संशोधनाचा फार मोठा भाग ज्या इंग्रजीवर उभा आहे, ती भाषा लेखनाच्या दृष्टीने अपवादभूत आहे, अपवादावरून नियम बांधणे शास्त्रास धरून नाही.

यावर असे म्हणण्याचा मोह होतो की, देवनागरी तर उच्चारानुसारी लिपी आहे. सबब मराठीची गणना फिनिशबरोबर व्हावी आणि आपल्याकडे हा वाद निरर्थक ठरावा. मराठी शिक्षकांत ही समजूत सर्वत्र आढळते. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण लिपी सोपी असती, तर तिसरीतील चार मुलांपैकी तीन मुले मागे का राहावी, याचा उलगडा तिने होत नाही.

४

देवनागरीचे एकक वर्ण नव्हे, अक्षर आहे. ‘की’ या अक्षरात क् आणि ई असे दोन वर्ण आहेत, पण लेखनात ते एकाच आकृतीत सामावतात. रोमन लिपीत शिकाऱ्यास सव्वीस चिन्हे ओळखावी लागतात. मराठीत चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशे आठ आकृती होतात. अलीकडे ॲ आणि ऑ ही चिन्हे धरून चौदाखडी म्हणण्याची रीत पडली आहे, तिच्या हिशेबाने हा आकडा आणखी वाढतो. आणि जोडाक्षरे याहून निराळी. अर्थात या आकृती स्वतंत्रपणे पाठ कराव्या लागत नाहीत, कारण त्यांच्या रचनेत नियम आहे. पण तो नियम मुलास उमगण्यास काळ लागतो. सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या कन्नड वाचनाच्या अभ्यासात असे दिसून आले की, इंग्रजी वर्णमाला मुले ज्या अवधीत आत्मसात करतात, त्याच्या कितीतरी पट काळ अक्षरसंचाच्या संपादनास लागतो. ते तिसरी-चौथीपर्यंत चालू राहते. वर्णाची स्वतंत्र जाणीवही अशा लिपीत उशिरा व सावकाश येते. नाग यांनी या भेदावरून लेखनपद्धतींचे मर्यादित संचाच्या आणि विस्तृत संचाच्या असे दोन वर्ग केले. या वर्गीकरणात मराठी दुसऱ्या वर्गात पडते. तेव्हा उच्चारानुसारित्व हा एक गुण झाला. संचाचा विस्तार हा निराळा गुण आहे, आणि पहिल्याच्या जोरावर दुसरा नाहीसा होत नाही.

शिवाय मराठी लेखन समजले जाते तितके उच्चारानुसारी नाही. त्याची काही स्थळे पाहण्याजोगी आहेत.

पहिले स्थळ अन्त्य व मध्य अ-काराच्या लोपाचे. ‘घर’ हा शब्द मूल घ आणि र अशा दोन पूर्ण अक्षरांत वाचते. बोलण्यात मात्र अखेरचा अ उच्चारला जात नाही. ‘बसता’ हा शब्द लेखनात तीन अक्षरांचा, उच्चारात दोन अवयवांचा आहे. पुस्तकांचा ‘बस्ता’ आणि तुम्ही ‘बसता’ हे दोन्ही शब्द कानाला सारखेच. डोळ्याला मात्र भिन्न. त्याचप्रमाणे ‘करतो’ आणि ‘कर्ता’ यांत र् आणि त् यांचा संयोग एकच, पण एके ठिकाणी पूर्ण र आणि दुसऱ्या ठिकाणी रफार.

दुसरे स्थळ च, ज, झ यांच्या दुहेरी उच्चाराचे. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील च निराळे आहेत. समाजातील ‘जात’ आणि गावी ‘जात’ असलेला माणूस, हे दोन शब्द लेखनात अभिन्न असून उच्चारात भिन्न आहेत. कोणता उच्चार करावा, हे लिपी सांगत नाही, वाक्य सांगते.

तिसरे स्थळ अनुस्वाराचे. ‘अंक’, ‘अंत’ आणि ‘आंबा’ यांतील एकच टिंब तीन निरनिराळे अनुनासिक दाखविते, आणि ‘सिंह’ या शब्दात त्याचे रूप आणखी निराळे होते.

चौथे ह्रस्व-दीर्घाचे. मराठी बोलण्यात इकार-उकारांची लांबी बहुतांशी स्थानावर अवलंबून असते. अर्थभेदास ती क्वचितच कारण होते. लेखनात मात्र ती नियमांनी बांधलेली आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली केलेल्या आणि १९७२ साली वाढविलेल्या लेखननियमांचा मोठा भाग याच प्रश्नाला वाहिलेला आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

पाचवे स्थळ दृष्टिक्रमाचे. ‘कि’ या अक्षरात वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे, म्हणजे वाचणाऱ्यास आधी दिसते; उच्चार मात्र नंतर होतो. रकाराची ‘क्र’, ‘ट्र’, ‘र्क’, ‘ऱ्य’ ही चार रूपे याच जातीची अडचण उभी करतात.

या स्थळांवरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मराठी मूल ‘ब-स-ता’ अशी तीन अक्षरे सुटी उच्चारते, तेव्हा त्याचे वाचन पुरे झालेले नसते. त्या तीन उच्चारांतून आपल्या ओळखीचा शब्द कोणता, हे त्याला उमगते, आणि मगच अ-काराचा लोप होऊन ‘बसता’ हा शब्द तोंडून बाहेर पडतो. म्हणजे ज्या व्यापारास केवळ चिन्होकल म्हटले जाते, त्यातच भाषेच्या ज्ञानाचा वाटा अंतर्भूत आहे. ध्वनी आधी की अर्थ आधी, ही इंग्रजीतील वादाची मांडणी मराठीच्या बाबतीत म्हणूनच अपुरी पडते. अक्षरांचा क्रमवार परिचय अपरिहार्य आहे, कारण संच मोठा आहे. आणि तोंडी भाषेचा आधारही अपरिहार्य आहे, कारण त्यावाचून उकललेल्या अक्षरांचा शब्द बनत नाही.

५

शाळेतील प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळल्यास, मराठीत तीन रीती प्रचलित असल्याचे दिसते. पहिली परंपरागत: आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे आणि शेवटी वाक्य. वर्णमालेचा हा क्रम उच्चारस्थानांवर आधारलेला असून शास्त्रीय दृष्टीने तो अत्यंत सुबक आहे. पण तो व्याकरणकारांच्या सोयीचा आहे, शिकाऱ्याच्या नव्हे. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांची ओळख मुलास पहिल्या महिन्यात होते, आणि पहिला अर्थपूर्ण शब्द वाचण्यास मात्र कित्येक आठवडे वाट पाहावी लागते. दुसरी रीत शब्दापासून किंवा वाक्यापासून अक्षराकडे जाणारी. तिसरी अक्षरगटांची: पुष्कळ शब्दांत येणारी थोडी अक्षरे आणि एखाददुसरे स्वरचिन्ह आरंभीच एकत्र शिकवावयाचे, त्यांतून लगेच शब्द व लहान वाक्ये बनवावयाची, आणि मग पुढील गट घ्यावयाचा. फलटण येथे १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनशिक्षणाच्या प्रश्नाकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले. त्यांचे संशोधनही फलटणच्या बोलीविषयीचे होते, ही बाब येथे नोंदण्याजोगी आहे. लिपी शिकविणाऱ्याने आधी मुलाची बोली ऐकली पाहिजे, हे तत्त्व तीत अनुस्यूत आहे.

या रीतींचे प्रत्यक्ष फळ काय, याविषयीचा एक मोठा पुरावा भारतीय भाषांतील साक्षरतेविषयीच्या दीर्घकालीन अभ्यासातून मिळतो. शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील पालघर आणि कर्नाटकातील यादगीर या जिल्ह्यांतील मुलांचा पहिली ते तिसरी असा तीन वर्षे मागोवा घेतला. अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिसरी संपत आली तरी अनेक मुले स्वरचिन्हयुक्त अक्षरांपाशीच अडखळत होती. वर्गातील वेळ बहुतांशी अक्षरे गिरविण्यात व फळ्यावरील मजकूर उतरविण्यात जात होता. गोष्ट ऐकणे, तिच्याविषयी बोलणे, स्वतःचे काही लिहिणे यांना स्थान जवळजवळ नव्हते. ज्या वर्गांत अर्थाला पूर्ण बाजूस ठेवून अक्षरांवरच भर दिला होता, तेथे अक्षरेही पक्की झालेली नव्हती. गुणाकाराचे सूत्र येथे पडताळून पाहावयास मिळते. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मौखिक भाषा, अक्षरज्ञान, वाचन व लेखन यांचा एकत्र विचार करणारी समतोल दिशा स्वीकारली, ती या पुराव्याशी सुसंगत आहे.

पालघरचे उदाहरण आणखी एका कारणाने मोलाचे ठरते. तेथील कित्येक मुलांची घरची भाषा वारली आहे. वारली मराठीस जवळची असली, तरी पाठ्यपुस्तकातील मराठी नव्हे. मेळघाटातील कोरकू तर निराळ्याच, मुंडा भाषाकुलातील आहे. गडचिरोलीकडील गोंडी द्राविड कुलातील. अशा मुलास ‘ब-स-ता’ ही तीन अक्षरे उकलता आली, तरी त्यांतून ओळखीचा शब्द उमटत नाही. कारण तो त्याच्यापाशी नसतो. मराठी घरातील मुलास एकच काम करावयाचे असते, यास दोन. आणि दोहोंची परीक्षा एकाच दिवशी, एकाच मापाने होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात मुलाच्या परिसराचा व बोलीचा स्वीकार मूलभूत मानला होता. राष्ट्रीय धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा जो पुरस्कार केला, त्यास वाचनशास्त्राचा आधार या ठिकाणी मिळतो.

६

येथून मोजमापाचा प्रश्न उपस्थित होतो. ‘निपुण भारत’ने आरंभी जी लक्ष्ये प्रसिद्ध केली, त्यांत तिसरीच्या मुलाने मिनिटास किमान साठ शब्द समजून वाचावे, असे होते. मिनिटास शब्द हे माप इंग्रजीत रूढ झाले. मराठीत ते लावताना, शब्द कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे. एक साधे वाक्य घ्यावे:

मराठी: मुलाने घरासमोर झाडाखाली पुस्तक वाचले.
हिंदी: लड़के ने घर के सामने पेड़ के नीचे किताब पढ़ी।

आशय एकच. मराठी वाक्यात पाच शब्द आहेत, हिंदी वाक्यात दहा. अक्षरे मोजली तर मराठीत अठरा, हिंदीत वीस. म्हणजे वाचनाचे श्रम जवळजवळ सारखे. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास जोडून लिहितात, हिंदीत बहुधा तोडून, भेद एवढाच. परंतु ही दोन्ही वाक्ये समान अवधीत वाचणाऱ्या दोन मुलांची गती शब्दांत मोजली, तर मराठी मूल हिंदी मुलाच्या निम्म्या वेगाने वाचते असा निकाल निघेल. एका वाक्यावरून दोन भाषांचे प्रमाण ठरविता येणार नाही, हे उघड आहे. पण फरकाची दिशा ठरलेली आहे, आणि तमिळ वा मल्याळम यांसारख्या भाषांत तो अधिकच वाढतो. २०२२ च्या पायाभूत अध्ययन पाहणीत वीस भाषांसाठी निरनिराळे मानदंड ठरविले गेले, हे या दृष्टीने योग्य पाऊल होय. तरीही शब्द हे एकक कायम ठेवून मानदंड भाषावार बदलण्यापेक्षा, अक्षर हेच एकक मानणे अधिक तर्कशुद्ध ठरेल. निदान एकाच राज्यातील मराठी, हिंदी, कन्नड, गुजराती माध्यमांच्या शाळांची तुलना करताना तरी.

दुसरा प्रश्न उच्चारभेदाचा. ज्या बोलीत ण व न यांचा भेद नाही, त्या बोलीतील मूल ‘पाणी’ हा शब्द पाहून ‘पानी’ असा उच्चार करते. त्याने चिन्हे ओळखली, शब्द ओळखला, अर्थही जाणला. केवळ तो शब्द आपल्या घरच्या उच्चाराने म्हटला. हे वाचनाचे यश आहे. परीक्षकाने त्यापुढे चुकीची खूण केली, तर तो वाचन मोजीत नाही, मुलाचे घर मोजतो. याउलट ‘पाणी’ पाहून एखाद्याने ‘पान’ म्हटले, तर ती खरी चूक. कारण तीत वेलांटी सुटली. या दोन प्रकारांतील भेद ओळखण्याचे शिक्षण परीक्षकास आणि शिक्षकास मिळणे आवश्यक आहे, आणि ते देण्याचे काम भाषाशास्त्राच्या विभागांचे आहे.

७

वरील विवेचनावरून निष्पन्न होणाऱ्या गोष्टी थोडक्यात अशा. इंग्रजीतील वाद एका अपवादभूत लेखनपद्धतीतून उद्भवला आहे. त्यातील कोणत्याही पक्षाचे मत जसेच्या तसे मराठी वर्गात आणणे इष्ट नाही. देवनागरीचा अक्षरसंच विस्तृत असल्यामुळे त्याचे क्रमवार अध्यापन तिसरीपर्यंत धीराने चालू ठेवावे लागेल. पहिलीच्या वर्षात बाराखडी संपविण्याची घाई मुलांच्या हिताची नाही. त्याच वेळी मौखिक भाषा ही वाचनापूर्वीची केवळ तयारी नसून वाचनक्रियेचेच अंग आहे, हे मानून वर्गातील वेळेची विभागणी केली पाहिजे. जेथे घरची भाषा निराळी आहे, तेथे तर विशेषत्वाने.

संशोधनास येथे मोठा वाव आहे. मराठी मुलांच्या बोलण्यात येणाऱ्या शब्दांच्या वारंवारतेवरून अक्षरगटांचा क्रम लावणे, अ-कारलोप असलेले व नसलेले शब्द वाचताना होणाऱ्या चुकांची तुलना करणे, रकाराच्या चार रूपांच्या संपादनाचा क्रम शोधणे, आणि बोलीनिहाय उच्चारभेदांची परीक्षकांसाठी सूची करणे, ही कामे पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील आहेत. त्यांसाठी महागड्या साधनांची गरज नाही. जवळच्या शाळेतील दुसरीच्या वर्गात बसून मुलांचे वाचन लक्षपूर्वक ऐकण्याची व त्याची काळजीपूर्वक नोंद करण्याची तयारी मात्र हवी. मूल कोठे अडते हे जोवर नेमके ठाऊक नाही, तोवर ते का अडते याविषयीचा कोणताही वाद त्याच्या उपयोगी पडणार नाही.